मेकअपच्या ब्रशांची आंघोळ

मित्रहो, आज माझ्या शाम्पूवर घरातल्या घरात दरोडा पडला. लेकीला आज संध्याकाळी सातपाटीत आयुष्यातली पहिली नवरी नटवायची होती आणि सगळे ब्रश फाउंडेशनने चिकटलेले. ती गजरे आणायला गेली, धुलाई माझ्या गळ्यात पडली.

कोमट पाण्यात शाम्पू आणि चमचाभर व्हिनेगर घातलं, ब्रशचे फक्त केस बुडवले. मग चिमट्यांनी दोरीवर उलटे टांगले, नाहीतर पाणी मुळाशी शिरून केस गळतात.

शेजारच्या वहिनी दोरीकडे बघून ओरडल्या, "भाऊ, बोंबील लय बारीक हायत!"

"नवरीच्या मानाचे हायत, वहिनी!"

आत्ता लेकीचा फोन आला. "बाबा, एक केस गळला नाही. आणखी दोघींनी तारीख मागितली!"

नवरी तिने नटवली, पण ब्रश मी न्हाऊ घातले, याची नोंद असावी.

व्हिनेगर मात्र वहिनींकडून वाटीत आणलं होतं. वाटी रिकामी कशी परत करायची? चार रव्याचे लाडू घालून गुपचूप त्यांच्या ओट्यावर ठेवून आलो.