जोहारला वन्स मोअर

आमच्या पिंपरीच्या कामगार वसाहतीत गणपतीला दर वर्षी ऐतिहासिक नाटक व्हायचंच. सामाजिक नाटकाला लोक जांभया देत, पण ऐतिहासिक म्हटलं की पार चऱ्होली-देहूकडून माणसं सायकलवर डबलसीट येत. तलवारी पत्र्याच्या असल्या तरी खणखणाट खरा असायचा. पात्रं मात्र नाटक वाचून ठरत नसत. सुपरवायझरला सरदारकी, युनियनच्या पुढाऱ्याला मोठी भूमिका, आणि शत्रूचं सैन्य म्हणजे ज्यांना कोणी विचारत नाही ते हेल्पर. वन्स मोअर खरं तर गाण्याला द्यायचा असतो. आमच्याकडे तो कशालाही मिळायचा. एकदा एका मावळ्याच्या मरणाला मिळाला, तर तो बिचारा उठला आणि पुन्हा मेला. वन्स मोअर नाकारणं म्हणजे माज समजला जाई.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी चाकणच्या किल्ल्याच्या वेढ्यावर नाटक बसलं. कंपनीतल्याच एका कारकुनाने ते लिहिलं होतं. शेवटी किल्ला पडतो आणि जखमी किल्लेदार खानाला म्हणतो, "गड घ्या, पण ही मान खाली जायची नाही." माझे वडील फाउंड्रीत होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. भट्टीजवळ ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा तयार झाला होता की त्यांनी नुसतं पाणी मागितलं तरी शेजारीण तांब्या घेऊन यायची. किल्लेदाराचं ते वाक्य त्यांनी पात्रं ठरायच्या आधीच पाठ केलं. दाढी करताना आरशाला म्हणून दाखवत. आई म्हणायची, "आधी चा घ्या, किल्लेदार." पण हसायची.

किल्लेदाराचं काम युनियनच्या पुढाऱ्याला गेलं, ज्याला दर दोन वाक्यांनी खोकला यायचा. दादांना वेशीवरच्या महार नाईकाचं काम मिळालं. कारकून ते सांगायला स्वतः घरी आला. "हे काम तुमच्याशिवाय कुणाला शोभणारच नाही, भाऊ," म्हणाला. मनापासून म्हणाला, म्हणून तर त्याचं तोंड फोडता येईना. काम एवढंच होतं: यायचं, वाकून जमिनीला हात लावायचा, "जोहार मायबाप जोहार, खानाची फौज आली" म्हणायचं आणि जायचं.

जोहार हा शब्द आमच्या घरात मेलेला होता. पाटलाच्या ओसरीसमोर वाकून तो म्हणण्यात आजोबांचा निम्मा जन्म गेला. आम्ही बौद्ध झालो तेव्हा त्यांनी तो टाकला, आणि मरेपर्यंत पुन्हा तोंडातून काढला नाही.

दादांनी कारकुनाला विचारलं, "साहेब, लढाई जुंपल्यावर नाईक कुठं असतो?"

"असेल की वेशीवरच."

"मग त्याला बी लढू द्या की."

"बघू," कारकून म्हणाला. ते बघणं पडदा उघडेपर्यंत चाललं.

तो गेल्यावर आई म्हणाली, "तुमच्या बापानं सोडलं ते तुमी भाड्याच्या मिशा लावून म्हननार व्हय? मी न्हाई यायची बघायला." दादा म्हणाले, "नाटक हाय गं ते." त्यांना रंगमंचावर उभं राहायचं होतं, कसंही करून. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, आणि त्या दयेची जास्त लाज वाटली.

नाटकाच्या दिवशी मी वर्गातल्या मुलींबरोबर पुढे सतरंजीवर बसले होते. दादा आले. कमरेत असे वाकले की हात जमिनीवर घासला, आणि "जोहार मायबाप" पार रेल्वेच्या रुळांपर्यंत गेलं असेल. मग शिट्ट्या आणि "वन्स मोअर!"

दादा परत आले, परत वाकले. शेजारची मैत्रीण कोपर मारून म्हणाली, "तुझेच वडील ना? काय वाकतात गं!" तिने कौतुकच केलं होतं. माझे कान तापले. मी सतरंजीच्या दशा उपटत राहिले.

लोकांचं पोट भरलं नव्हतं. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदा दादा आले तेव्हा त्यांची नजर बायकांच्या बाजूला गेली. तिथे खांबाशी, डोक्यावर पदर घेऊन, आई उभी होती. येणार नाही म्हणालेली आई. दादा अर्धे वाकले आणि तसेच थांबले. "जोहार" निघालं. "मायबाप"ला आवाज चिरकला आणि पुढचं काही आलंच नाही. लोकांना तो अभिनय वाटला. सबंध नाटकात एवढ्या टाळ्या कशालाच पडल्या नाहीत. किल्लेदार शेवटी खोकत खोकत मानेचं वाक्य बोलला, तेव्हा माणसं चपला शोधत होती.

घरी दादा खोबरेल लावून तोंडाचा रंग पुसत बसले. मला म्हणाले, "आवाज गेला का गं माझा?"

"न्हाई दादा. लोकांना लई आवडलं," मी म्हणाले, आणि तेही खरंच होतं.

त्यांनी आईकडे पाहिलं. तिने ताट पुढे सरकवलं. "जेवा. मान दुखत आसंल, मागनं तेल लावून देते."

पुढच्या वर्षी कारकून नवं नाटक घेऊन आला. "यात नाईकाचं काम वाढवलंय, भाऊ. दोनदा जोहार घातलाय." दादांनी हात जोडले आणि पडद्याची दोरी मागून घेतली. ती त्यांनी रिटायर होईपर्यंत सोडली नाही. पहिल्या शिफ्टला जाताना लोक त्यांना हसून जोहार घालत. दादाही हसत. मी बरोबर असले की चपलेकडे बघत चालायची.

माझं लग्न ठरल्यावर एकदा मी धीर करून विचारलं, एवढा आवाज असून दोरी कशाला ओढत बसता?

"पडदा वढनाऱ्याला कुनी वन्स मोअर देत न्हाई," दादा म्हणाले.