छायाच्या मनगटाचा फोटो

...हां, तर कालच्या गोष्टीत छायाला टेम्पोतून पाडून तसंच सोडलं होतं आपण! दसऱ्याच्या तोंडावर झेंडूच्या पाट्यांवर बसून गणेशवाडीच्या फुलबाजारात चालली होती. वळणावर घसरली, मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरने हाताचा फोटो काढला, म्हणजे एक्स-रे, आणि प्लास्टर घातलं. पुढे कळलं की फोटोच्या वेळी तिला नुकतेच दिवस गेलेले होते. सत्त्याण्णव सालची गोष्ट.

ही छाया म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेल्या लहानूची बायको. एक हात प्लास्टरमध्ये, तरी दुसऱ्या हाताने फुलं तोडणारी. हसली की पलीकडच्या मळ्यात ऐकू जायचं.

ते हसणं बंद पाडलं तिच्या चुलत सासऱ्याने, गोटीरामने. गुलाबाचा मोठा बागायतदार, फवारणीत त्याचा शब्द शेवटचा. आदल्या साली वाऱ्याने तणनाशक उडून त्याच्या गुलाबावर गेलं, शेंडे वेडेवाकडे झाले, तर याने अख्खी ओळ उपटून फेकली. तोच न्याय इथे लावला!

"किरणं म्हंजी फवाराच की! मनगटावर मारा नाय तर कुठं बी मारा, उडतोच. पोर वाकडं निपजंल. आत्ताच पोट मोकळं करा."

आणि या शहाण्याने एका दवाखान्यात परस्पर सांगूनही ठेवलं.

अरे, पोट कुणाचं? तिला विचारलं का कुणी? सासू चंद्रभागा डोळे पुसत पिशवी भरतेय, लहानू जमिनीकडे बघतोय. गुलाबातला माणूस गर्भावर निकाल देतो आणि घरदार मान डोलावतं! आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

त्या दवाखान्यात जायला छाया टेम्पोत बसली. पंचवटीत एका बाळंतपणाच्या दवाखान्याची पाटी दिसली तशी म्हणाली, "थांबवा, उलटी येतीय." उतरली ती थेट आत! लहानू मागे पळाला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला.

"अगं, किरणं मनगटावर सोडली होती. पोटापर्यंत पोचलं ते नसल्यातच जमा. एवढ्यासाठी बाळ पाडतात होय? पोटाचा फोटो असता, तरी आधी किरणं किती गेली ते बघितलं असतं, आणि एका फोटोपायी बहुतेक वेळा पाडायची गरज नसतेच. फक्त पुढे कुठे फोटो काढायची वेळ आली, तर दिवस गेलेत हे आधी सांगायचं."

लहानू तिथल्या बाकावर बसून पोरासारखा रडला.

मिरगाच्या सुमाराला मुलगी झाली. बारशाला गोटीराम आला, पाळण्यापाशी गेला आणि दुपटं सोडून, भरल्या घरासमोर, त्या इवल्या पोरीची बोटं मोजायला लागला. जनाची नाही तर मनाची तरी! छायाने पाळण्याची दोरी खाली ठेवली आणि म्हणाली,

"मामा, मोजून झाली आसतील तर दुपटं झाका, वारं लागतंय तिला. आन् पुढच्या टायमाला रोप उपटायचं आसंल, तर आदी ज्याचं वावर हाय त्याला इचारा."