दिवस मावळायच्या आधीची लाल पट्टी

साताऱ्याच्या पुढे खंबाटकी घाट दिसू लागला आणि आप्पांनी ड्रायव्हरला गाडी कडेला घ्यायला लावली. मुंबईहून मला विमान गाठायचं होतं, जर्मनीला पीएचडी करायला जायचं होतं. घाटात ट्रकांची रांग लागली तर सगळंच ओंफस होईल, असं ड्रायव्हर परोपरीने सांगत होता. आप्पा त्याचं ऐकत होते, पण बघत होते पश्चिमेकडे. सूर्य डोंगराला टेकायला आला होता. आईने गाडीच्या बॉनेटवरच वर्तमानपत्र अंथरलं आणि डबा सोडला. भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. बाजूने गाड्या धूळ उडवत जात होत्या आणि आम्ही तिघं, चौथा तो वैतागलेला ड्रायव्हर, उभ्याउभ्या जेवत होतो.

"दिस हाय तवर पोटभर जेव," आई म्हणाली. "तिकडं तुला कोण म्हणणार हाय?"

मला तेव्हा फक्त विमानाची काळजी होती. घासाकडे लक्षसुद्धा नव्हतं. आज त्या भाकरीची चव आठवायचा प्रयत्न करते, ती काही केल्या आठवत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आम्ही सांगलीकडचे जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, नंतर तोंडात काही घालायचं नाही, हे आमच्या घरात कोणी कोणाला शिकवलं नाही. ते श्वासासारखं चालू होतं. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आप्पांचा छोटा कारखाना आहे. पंपाला लागणारे भाग तिथे तयार होतात आणि शिरवळच्या एका कंपनीला जातात. संध्याकाळी कामगार आपापल्या दुचाकीवर घरी जातात आणि संगणकावर चालणारं मोठं लेथ आप्पा स्वतः चालवत बसतात. दिवस कलला की तेही मशीन बंद करतात, गल्लीच्या टोकाला असलेल्या घरी येतात, जेवतात आणि परत जाऊन राहिलेलं काम संपवतात. आई दारात उभी राहून वाट बघायची. "आवं, सूर्य थांबणार न्हाई तुमच्यासाठी," हे तिचं रोजचं वाक्य.

जर्मनीतल्या सूर्याने माझी पहिल्याच वर्षी फजिती केली. उन्हाळ्यात तो रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे जेवायला मुभाच मुभा. हिवाळ्यात मात्र चार वाजले की अंधार. लॅबमधले सगळे कॉफी पीत असायचे आणि मी कोपऱ्यात बसून घाईघाईने भात गिळायची. काही दिवस निभावलं, मग सुटलं. सगळे जेवतात तेव्हा, दिव्याच्या उजेडात, मीही जेवू लागले. आईला सांगितलं तर म्हणाली, "परमुलखात चालतंय गं. उपाशी राहू नको म्हंजी झालं." तिने मला इतक्या सहज मोकळं केलं, पण मला मात्र त्या दिवशी घर थोडं आणखी लांब गेल्यासारखं वाटलं.

तुम्हा गाववाल्यांपैकी जे तिथेच राहिले ते मला नेहमी विचारतात, तू तिकडे नेमकं करतेस काय. सांगते. कारखान्यातली मशिनं आपली खबर संगणकाला देत असतात: चालू आहे, थांबलंय, गरम झालंय. त्यावरून कोणतं काम कोणत्या मशीनवर कधी घेतलं तर वेळ कमीत कमी वाया जाईल, हे काढायची पद्धत मी शोधते. चार शेगड्यांवर सण निभावणाऱ्या बाईला हे उपजतच येतं. आम्हाला त्यासाठी गणित लागतं.

मोठ्या कंपन्यांसाठी अशा पद्धती पुष्कळ आहेत. मला त्या कुपवाडसारख्या छोट्या कारखान्यांना परवडतील अशा करायच्या होत्या. म्हणून मागच्या सुट्टीत आले तेव्हा आप्पांच्या लेथवर एक सेन्सर बसवला. आप्पांनी त्याचं नाव ताईत ठेवलं आणि खंडेनवमीला मशीनबरोबर त्यालाही हळदकुंकू लावलं. तेव्हापासून माझ्या स्क्रीनवर एक पट्टी सरकत राहते. मशीन चालू असलं की हिरवी, थांबलं की लाल. तीच आप्पांच्या फोनवरही दिसते. चहाच्या टपरीवर ते ती सगळ्यांना दाखवायचे. "आमची पोरगी जर्मनीतनं आमचं मशीन बघती, हाय का न्हाई!"

खरं सांगायचं तर मी मशीन बघतच नव्हते. इकडे दुपार, म्हणजे तिकडे संध्याकाळ झाली की पट्टी लाल व्हायची आणि मला कळायचं, आप्पांनी बटण बंद केलं, हात धुतले, आता गल्लीतून चालत निघाले. आईने ताट वाढलं असेल. पट्टी परत हिरवी होईपर्यंत मी मनाने त्या पाटावर बसलेली असायची. व्हिडिओ कॉलवर माणसं दिसतात, पण कॅमेऱ्यासमोर सगळेच थोडे पाहुण्यासारखे वागतात. त्या लाल पट्टीत मला माझं घर जसंच्या तसं दिसायचं.

आमच्या प्राध्यापक बाईंना आणि लॅबमधल्या मंडळींना मात्र तीच पट्टी खुपायची. इतकं चांगलं मशीन ऐन कामाच्या वेळी रोज का थांबतं, असं जो तो विचारायचा. एकदा फोनवर मी हसत हसत आप्पांना हे सांगितलं. "आप्पा, तुमची लाल पट्टी इथं लय गाजतीया." ते हसले नाहीत. मग विषय बदलून पावसापाण्याचं बोलत बसले.

पुढच्या आठवड्यात लाल पट्टी गायब झाली. दुपारभर हिरवं, एकसलग हिरवं. प्राध्यापक बाईंनी पाठ थोपटली. माझी पद्धत लागू पडली, असं सगळ्यांना वाटलं. मला वाटलं आप्पांनी संध्याकाळसाठी माणूस ठेवला असेल. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी आईला फोन केला आणि विचारलं, आप्पा जेवायला कधी येतात?

आईने आधी टाळाटाळ केली. मग तिला राहवलं नाही.

"येत न्हाईत गं. अंधार पडल्यावर येत्यात. मग कसं जेवतील? पाणीसुदिक घेत न्हाईत. म्या लय सांगून बघितलं. म्हणत्यात, पोरीच्या परीक्षेत लाल रेघ नको."

मला एकदम माझं शाळेचं प्रगतिपुस्तक आठवलं. सही करण्याआधी आप्पा ते उघडून सगळ्यात आधी लाल शाई शोधायचे. नसली की, "झ्याक!" म्हणून सही ठोकायचे. मार्क किती पडले हे बघायचेसुद्धा नाहीत. माझी पीएचडी त्यांच्या लेखी तशीच एक परीक्षा होती आणि त्यांच्या मशीनमुळे माझ्या पुस्तकात रोज लाल रेघ उमटत होती. ती पुसायला ते रोज उपाशी झोपत होते.

मी फोन आप्पांना द्यायला लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले.

"आगं, आता वय झालं," ते म्हणाले. "राच्याला पोट हलकं बरं वाटतंय. तुझी पदवी एकदा पदरात पडू दे, मग जेवीन की."

"आप्पा, उद्या मला लाल दिसलं न्हाई, तर मी हे सगळं सोडून कुपवाडला येती. परत जाणार न्हाई."

त्यांनी पुढे काही बोलायच्या आत मीच फोन ठेवला आणि प्रसाधनगृहात जाऊन रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राध्यापक बाईंकडे गेले. आमच्या गणितात दोन गोष्टी असतात. एक उद्दिष्ट, ते थोडं कमीजास्त झालं तरी चालतं. दुसरी अट, ती मोडायची नसते. बाकी सगळं तिच्याभोवती बसवायचं असतं. कुपवाडला रोज दिवस मावळायच्या आधी हे मशीन थांबेल, ही अट मी घालते आहे, असं मी त्यांना सांगितलं. कारणही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग याला वाया गेलेला वेळ का म्हणत होतो आपण?"

दुपारी डबा समोर ठेवून स्क्रीनकडे बघत बसले. हिरवं सरकत होतं. झाकण उघडायचा धीर होईना. कुपवाडला ऊन कललं असेल, आई दारात आली असेल. आणखी थोडं हिरवं. मग पट्टी लाल झाली.

मी डबा उघडला. भात गार झाला होता. आप्पांच्या प्रत्येक घासाबरोबर एक घास, असं मनात धरून मी सावकाश, चव घेत जेवले.

तेव्हापासून रोज मी त्याच वेळी जेवते, आणि रात्री काही खात नाही. उन्हाळा असो की हिवाळा, इथल्या सूर्याने कधी उगवावं, कधी मावळावं, तो त्याचा प्रश्न. तुम्ही, जे माझ्यासारखेच बाहेर पडलात, तुमचं काय ते मला माहीत नाही. माझं घर तिथे आहे, जिथला दिवस मावळायच्या आत मला जेवायचं असतं.

पट्टी हिरवी होण्याआधी फोनवर आप्पांचा निरोप येतो. रोज तोच.

"जेवलो. तू जेवलीस न्हवं?"