चौकीमागची खोकडं

जंगलखात्यातली चार माणसं बसली की किस्से आपोआप निघतात, आणि आमच्या चौकीचे निम्मे नाना गार्डवर येऊन थांबतात.

सन पन्नास-एक्कावन्नचा सुमार. सातपुड्याच्या पायथ्याशी चौकी, मी तिथं नवा कारकून. मागच्या बरडावर खोकडांची बिळं होती. मी रजिस्टरमध्ये ‘कोल्हे’ लिहिलं आणि नानांना वाचून दाखवलं.

‘खोडा ते,’ नाना म्हणाले. ‘कोल्हा मोठा शे. हाई खोकड शे. शेपटीनं टोक काळं, देखं का?’

मी खोडलं.

*

गावातले एक आबा तक्रार घेऊन आले. खोकडांनी भुईमूग खाल्ला म्हणे, बिळांत धूर करायची परवानगी हवी. नानांनी त्यांना बिळापाशी नेलं आणि वाळलेली विष्ठा काडीनं फोडली. आत उंदराचे केस, बोरांच्या बिया, वाळवीचे पंख.

‘आबा, एक शेंग दाखवा. धूर मी करतो.’

आबा अर्धा तास त्यात शेंग शोधत बसले. मग म्हणाले, ‘या खोकडांतलं एखादं माझ्या बांधावर नाही का येणार?’

*

उन्हाळ्यात खात्यातले एक बडे साहेब बंदूक घेऊन आले. बिळात पिल्लं होती, त्यामुळे मादी लांब जात नव्हती. साहेबांना तिचं कातडं हवं होतं. नाना बिळाच्या तोंडावर जाऊन उभे राहिले.

‘बाजूला हो.’

‘ड्युटीवर शे, साहेब.’

‘कुणी लावली ड्युटी?’

‘तुम्हीच. जंगल राखायची.’

साहेबांनी बंदूक खाली केली. नाना बिडी पेटवत होते.

आठ दिवसांत नानांची सोनगीरकडे बदली झाली. ‘माफी मागा, ऑर्डर थांबेल,’ मी म्हणालो.

‘कशाची?’ म्हणाले, आणि पेटी उचलून निघाले.

*

नानांची बायको, अक्का, आवराआवरीसाठी मागे राहिली होती. दोन दिवसांनी साहेब परत आले, सोबत कुदळी घेतलेली चार माणसं. बघतात तर सगळ्या बरडावर, बिळांच्या तोंडांवरसुद्धा, नानांची जुनी धोतरं पसरलेली आणि त्यांवर ज्वारीचे ओले बिबडे, म्हणजे खानदेशी पापड, थापलेले. कडेला अक्का, कावळे हाकायची काठी घेऊन बसलेली.

माणसं थांबली. अन्नावर पाय कोण देणार?

‘उचला हे,’ साहेब म्हणाले.

‘बठ्ठा वल्ला शेतस, साहेब.’

‘मग वाळणार कधी?’

अक्कानं काठी मांडीवर ठेवली.

‘पिल्लं मोठी व्हई जातीन, तव्हय.’