जुडी सोडून दाखव

गौतमीबाईंच्या तिसरीच्या वर्गात नुसत्या उत्तराला किंमत नव्हती. बावन्नातून अठ्ठावीस गेले, चोवीस उरले, असं कुणी ठोकून दिलं की बाई काड्यांच्या जुड्या पुढं सरकवत. "जुडी सोडून दाखव." मग दहाची एक जुडी सुटायची, दोन सुट्या काड्यांत तिच्या दहा मिसळायच्या, आणि तेव्हा कुठं त्यातून आठ काढता यायच्या. हातचा येतो कुठून, हे पोरांना कळलंच पाहिजे, यावर बाई अडून बसलेल्या. शिक्षकांच्या बैठकीत इतरांचं पुस्तक अर्धं झालेलं, यांची गाडी वजाबाकीतच रुतलेली. टोमणे मिळाले. बाईंनी ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काड्या काढल्या. हट्टी बाई! पण असला हट्ट धरणारं कुणीतरी शाळेत हवंच.

त्या सोमवारी मात्र विठ्ठलराव शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज घेऊन आले. खेड्यातली ही छोटी शाळा, मुख्याध्यापकपणही बाईंकडंच. विठ्ठलरावांची नात जुईली गेली की तिच्यामागं निम्मा वर्ग जाणार, हे उघड होतं.

"बाई, आमचा नातू अनिकेत इंग्लिश शाळंत चौथीला हाय, पानंच्या पानं गणितं करतोय. ही अजून काड्याच सोडतीया!"

"तुम्हीच एक गणित घाला तिला," बाई म्हणाल्या. "नाही आलं तर आत्ता सही करते."

विठ्ठलरावांनी मुद्दाम जमिनीचं घातलं. "तीन एकर पाच गुंठं रान. त्यातलं एक एकर वीस गुंठं इकलं. ऱ्हायलं किती?"

एकर-गुंठे बाईंनी वर्गात कधी काढलेच नव्हते. तरी त्यांनी पाटी जुईलीपुढं सरकवली. जुईलीनं पाटीवर आकडे मांडले. पाचातून वीस जाईनात, तशी ती आजोबांकडं वळली.

"आजोबा, एक एकर सोडला तर गुंठं किती निघत्यात?"

"चाळीस की."

"मग पंचेचाळीसातनं वीस गेलं. एक एकर पंचवीस गुंठं ऱ्हायलं."

"आन् दहा का न्हाई घेतलंस? काड्या तर दहाच असत्यात."

"त्या काड्या, आजोबा. हितं एकर सोडलाय. आत असंल तेवढंच निघणार ना!"

बाईंनी आपला आनंद लपवला नाही. जुईलीला जवळ घेऊन तिच्या पाठीवर चांगली थाप मारली.

विठ्ठलराव बाकावर टेकले. "हेच गणित काल अनिकेतला घातलं. म्हणतोय कसा, एक एकर पंच्याऐंशी गुंठं. अरे लेका, पंच्याऐंशी गुंठं म्हंजी दोन एकराच्या वर गेलं की! तरी ऐकंना."

"एकरात शंभर गुंठे असतात असं धरलंय त्यानं," बाई म्हणाल्या. "हुशार आहे पोरगा. फक्त सोडून बघायला कुणी लावलं नाही."

विठ्ठलरावांनी अर्जाची घडी घालून खिशात टाकली. उठले, दारापर्यंत गेले आणि आवाज उतरवून म्हणाले, "बाई, अनिकेतचं नाव हितं घालायचं झालं, तर काय काय कागद लागत्यात?"