चुलीचा देव टपालाने गेला

माझी नात युन्शिया व्हिनेगरच्या कारखान्यात ज्वारीचं आंबवण ढवळायची. एकोणीस वर्षांची, काडीसारखी, आणि अंगाला असा आंबूस वास की ती दारात यायच्या आधी आमच्या नाकाला कळायचं. हात रांजणात, डोकं ढगात. बाटल्यांच्या वाया गेलेल्या लेबलांच्या पाठीवर तीन वर्षं ती पुस्तक लिहीत होती. त्यातली सोळा वर्षांची मुलगी चुलीच्या देवाच्या कागदी घोड्यावर बसून स्वर्गात जाते, वाटेत नऊ शेपट्यांच्या कोल्हिणीशी भांडते, सर्दी झालेल्या ड्रॅगनला आल्याचा काढा पाजते. मला अक्षरं जेमतेम लागतात, म्हणून ती वाचून दाखवायची. ऐकता ऐकता माझ्या नूडल्सचा दोनदा लगदा झाला.

थाययुआनच्या एका प्रकाशकाला पुस्तक आवडलं. नववर्षाच्या सुट्टीआधी शेवटचं प्रकरण आणि पहिल्या पानासाठी चित्र पाठवा, नाहीतर राहिलं, असं त्याने कळवलं. शेवटची टपालगाडी बाराव्या महिन्याच्या चोवीसला दुपारी सुटायची. तेवीसला युन्शियाने चित्र रंगवलं, चुलीचा देव, लाल झगा, काळी दाढी. प्रकरणाच्या पानांना डकवलं आणि चुलीमागच्या फळीवर सुकायला ठेवलं.

आता तेवीस म्हणजे देवाला वर धाडायचा दिवस. वर्षभर कागदी चित्रातून भिंतीवर बसून घरातलं काय काय पाहिलं ते तो स्वर्गातल्या सम्राटाला सांगतो. म्हणून वाईटसाईट बोलू नये अशी ओठांना चिकट साखर फासायची आणि तो कागद पेटवून रवाना करायचं. हे काम पुरुषांचं, बायकांनी तेवढा वेळ स्वैपाकघरात पाय ठेवायचा नाही. दिवेलागणीला आमचे म्हातारे एकटेच आत गेले, चष्म्याविना. मी, युन्शिया आणि माझी धाकटी जाऊ ग्वेलान अंगणात सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलो.

म्हातारे बाहेर आले ते मिशीला साखर लावून.

"गेला. यंदा जरा जाडच होता."

"जाड कसा?" मी विचारलं.

"चांगला दहा-बारा पदरी. हल्ली कागद बरा देतात."

युन्शिया आत पळाली. फळी रिकामी, आणि भिंतीवर जुना देव, काजळीने काळा, आरामात बसलेला.

"आजोबा, मग हे कोण?"

म्हाताऱ्यांनी नाक भिंतीला टेकवलं. "हा इथे काय करतोय? मला वाटलं तुझ्या आजीने काढून फळीवर ठेवला."

"विचारायचं होतंत की," मी म्हटलं.

"कुणाला विचारू? तुम्हाला सगळ्यांना बाहेर घालवलेलं."

"माझा शेवट जळला, आजोबा. उद्या दुपारी गाडी आहे." तिचे डोळे भरले.

"रडू नकोस गं," ग्वेलान म्हणाली. "सगळ्यांच्या आधी सम्राटाने वाचलं तुझं. भाऊजींचं बघ, देव घरातच राहिला, आणि तोंडाला साखरही नाही. काय काय बोलेल कोण जाणे."

युन्शियाच्या तोंडून हुंदका निघायचा तो हसू होऊन निघाला. मग थांबेचना. भिंतीला टेकून खाली बसली, म्हणाली, "आजी, सुचलं."

सकाळी कारखान्यात युन्शियाच्या जागी रांजणापाशी म्हातारे उभे. कारखान्यातल्या बायकांनी त्यांना युन्शियाचा फुलाफुलांचा ॲप्रन बांधला होता.

"सूनबाई नवीन दिसतायत," एक म्हणाली.

"हात चालव तुझा," म्हातारे म्हणाले आणि ढवळत राहिले.

शेजारी पालथ्या बादलीवर बसून युन्शिया लिहीत होती. जळलेल्या शेवटात ती मुलगी सम्राटाच्या शेजारी आसनावर बसायची. आता ती दरबारात पोचते तर सम्राट विचारतो, चुलीचा देव कुठाय? ती सांगते, आजोबांनी चुकून भलतंच जाळलं, तो घरीच आहे. सगळा दरबार जेवायला तिच्या घरी उतरतो, आणि आजोबांना भांडी घासावी लागतात.

चित्र रंगवायला वेळ कुठला? मीच भिंतीवरचा देव उचकटला. म्हातारे म्हणाले, असा कोरडा नको धाडू, आणि त्याच्या ओठांना साखर फासली. टपालगाडी सुटत होती तेव्हा पाकीट आत पडलं.

वसंतात पत्र आलं. शेवट छापतोय. चित्र साखरेने प्रकरणाच्या वरच्या पानाला असं चिकटलंय की निघत नाही, तेव्हा काजळीसकट तसंच घेतोय.

पुढच्या वर्षी बाराव्या महिन्याच्या तेवीसला म्हातारे चष्मा लावून आत गेले. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं.

"अगं, जरा आत ये. हा तोच ना?"

मी बिया खाली ठेवल्या आणि आत गेले.