वाळूच्या बादलीतला फोन

माझ्या थोरल्या साडूंइतका सावध माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्या घरात वर्षभर जो फोन नांदला त्याच्याइतका धोकादायक फोनही जिल्ह्यात दुसरा नसेल. या दोघांचं एका छपराखाली कसं जमलं, ही हकिगत मी अनेकदा सांगितली आहे. लोक पोट धरून हसले आहेत. पण मी नेहमी अर्धीच सांगायचो. उरलेली आज सांगून टाकतो.

साडू रोह्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर होते. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. लग्नाला गेले की नवरा-नवरी बघण्याआधी मांडवातून बाहेर पडायच्या वाटा मोजतात. शेगडी वाऱ्याच्या कुठल्या बाजूला आहे हे पाहिल्याशिवाय पंगतीला बसत नाहीत. रस्त्यात कुणी शिडीवर चढलेला दिसला, की ओळख असो-नसो, खालून शिडी धरतात आणि तो उतरेपर्यंत सोडत नाहीत; मग तो रंगारी दुपारभर वर का असेना. एकदा पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती पसंत करायला त्यांना घेऊन गेलो, तर मूर्तींकडे पाठ करून त्यांनी रंगाचे डबे आणि दिव्याची वायर यांत किती अंतर हवं यावर व्याख्यानच सुरू केलं. मालक शेवटी म्हणाला, "काका, गणपती न्यायचा हाय का माझा कारखाना बंद करायचा हाय?" मूर्ती घेतली, पण आधी वायर हलवून घेतली.

पेणला माझं मोबाइलचं दुकान आहे. साडूंनी माझ्याकडून एक फोन घेतला आणि दोन आठवड्यांनी पेपरात आलं, की त्या फोनची बॅटरी फुगते, कधी पेटते, म्हणून कंपनीने ते सगळे परत मागवले आहेत. असा माणूस परत करणाऱ्यांच्या रांगेत पहिला उभा राहील, असं तुम्हाला वाटेल. साडूंनी साफ नकार दिला. लाल रंगाची बादली आणली, वाळूने भरली आणि त्यात फोन उभा रोवला. फोन वाजला की जाड हातमोजा चढवायचा, स्पीकर चालू करायचा आणि दोन पावलं मागे सरकून बोलायचं. त्यामुळे त्या घरात खासगी असं काही उरलं नाही. व्याह्यांची तक्रार सगळ्या आळीला खुद्द व्याह्यांच्या आवाजात ऐकू जायची. प्रवासात बादली नेता येत नाही म्हणून जेवणाचा डबा वाळूने भरून घेत. एसटीत कंडक्टरने विचारलं, "डब्यात काय, काका?"

"वाळू."

"आणि वाळूत?"

"फोन. पेटला तर वाळू हाय ना."

कंडक्टर पुढे गेला तो नागोठण्यापर्यंत मागे फिरकला नाही.

पेपरवाले लिहीत होते, की या फोनचं घराणं आता संपलं, कंपनी नावसुद्धा गुंडाळणार. साडूंना ते मान्य नव्हतं. "ज्या प्लँटला एकदा आग लागली, तो पुढं वीस वर्षं सगळ्यात सेफ," ते म्हणायचे. "ह्याच्या पुढचा फोन बघा तुम्ही. फक्त नाव बदलता कामा नये. नाव बदललं की माणसं शिकलेलं विसरतात." हे सगळं त्यांनी कंपनीला तीन पानी पत्रात मुद्देसूद कळवलं आणि खाली लिहिलं, 'प्रत माहितीसाठी: साडू, पेण.'

आता माझा भाग. पेपरात यायच्या आधी आम्हा दुकानदारांना नोटीस आली होती, की हे मॉडेल विकू नका. मी ती सकाळी वाचली. माझ्याकडे एकच नग उरला होता, पडून राहिला असता. दुपारी साडू आले आणि नेमका तोच मागितला. मी नोटीस कॅटलॉगखाली सरकवली आणि फोन त्यांच्या हातात दिला. "निर्धास्त वापरा, दादा," असंही म्हणालो. परत करायचा तर फॉर्मला बिल जोडावं लागणार, बिलावर तारीख, आणि ती नोटिशीच्याच दिवसाची. त्यामुळे मी त्यांना "परत करा" म्हटलं ते अशा बेताने, की पाहुण्याला "जेवून जा" म्हणावं आणि त्याची चप्पल सरळ करून ठेवावी. ते नको म्हणाले की मला हायसं वाटायचं. त्यांच्या बादलीवर घरात सगळ्यात मोठ्याने मी हसायचो. त्यांच्या विक्षिप्तपणाच्या आडोशाला माझी अब्रू सुखाने बसली होती.

एका दुपारी रोह्याला गेलो. मेव्हणी अंगणात पोह्याचे पापड वाळत घालत होत्या. ओटीवरच्या बादलीत पाहिलं, तर फोनची पाठ फुगून कडेने सुटली होती.

"तुम्ही तरी सांगा ह्यांना," मेव्हणी म्हणाल्या. "माझं नाय ऐकत."

"कंपनीवर फार विश्वास आहे त्यांचा."

"कंपनीवर?" त्या हसल्या. "तीस वर्षं कंपनीत काढलेला माणूस तो. म्हणतात, साडूने स्वतःच्या हातानं दिलाय, बघितल्याशिवाय द्यायचा नाय तो."

मी ओटीवर बसून राहिलो. साडू झोपून उठले, आणि मी सगळं सांगितलं. नोटीस, कॅटलॉग, तारीख.

ते रागावले नाहीत. अपघाताची चौकशी करावी तसं विचारू लागले. "नोटीस किती वाजता वाचली?"

"दहाला."

"मी आलो कधी?"

"दीडला."

"साडेतीन तास," ते म्हणाले आणि बादलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे नियम होता. अपघात होता होता वाचला, आणि ज्याची चूक त्यानं स्वतः येऊन सांगितलं, तर त्याला शिक्षा नाय. उलट सगळ्यांसमोर स्टीलचा डबा द्यायचो."

मला जरा बरं वाटलं.

"पण त्याच शिफ्टमध्ये सांगितलं तर," ते म्हणाले आणि चहा झाला का बघायला आत गेले.

फोन दुसऱ्याच दिवशी परत गेला. फॉर्मवर तारीख मी माझ्या हाताने लिहिली. वितरकाने खूप झापलं. ते ऐकताना मला कितीतरी हलकं वाटत होतं.

पुढे त्या घराण्याचा नवा फोन आला, त्याच नावाने. साडूंचंच खरं झालं. पहिला नग मी त्यांच्यासाठी काढून ठेवला, चार दिवस स्वतः वापरून पाहिला, सोबतचा कागदन् कागद वाचला. ते आले नाहीत. आठवड्याने त्यांचाच फोन आला. तोच नवा फोन त्यांनी रोह्यात स्टेशनजवळच्या दुकानातून घेतला होता. फार खुशीत होते. आता कानाला लावून बोलत होते, आवाज स्वच्छ येत होता. जुने नंबर नव्यात कसे घ्यायचे ते त्यांनी विचारलं, मी सावकाश समजावलं.

ठेवताना म्हणाले, "म्हटलं, पेणला कशाला यायचं एवढ्या उन्हातून."

डिसेंबर चालू होता. दुकानात मी स्वेटर घालून बसलो होतो.

"खरंय, दादा," मी म्हटलं. "ऊन फारच आहे."